गौरींचे मुखवटे कुणी सांभाळायचे?

*मी मूळची सांगलीची, गावभागातली. लग्न होऊन कॅनडात कॅल्गरीला आले, तेव्हापासून गणपती-गौरी फोनवरच बघते. आमच्याकडे उभ्या गौरी. पितळी मुखवटे, ज्येष्ठा-कनिष्ठा, पुढ्यात दोन बाळं. वाड्याच्या माजघरात आरास, दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या आणि पुरणपोळी, रात्री हळदीकुंकू आणि झिम्मा-फुगड्या. २०१९ च्या पुरात वाडा राहण्यासारखा उरला नाही, पुढे विकलाच. आई आता दादा-वहिनीबरोबर सांगलीतच विश्रामबागला फ्लॅटमध्ये असते. मुखवटे वहिनीनं होडीत बरोबर घेतले होते म्हणून तेवढे वाचले. गेल्या वर्षी तिनं पुरणपोळ्या बचत गटाकडून मागवल्या, गौरींना तयार शिवलेल्या साड्या नेसवल्या आणि हळदीकुंकू केलंच नाही. मी घरच्या ग्रुपवर मनातलं सगळं लिहिलं. आईनं इतकी वर्षं सांभाळलेलं असं उरकून टाकायचं का, असंही लिहिलं. वहिनी ग्रुपमधून बाहेर पडली. आता दादा म्हणतो, यंदापासून खड्याच्या गौरी आणू, मुखवटे पुण्याच्या चुलतभावाला देऊ. आई काहीच बोलत नाही. माझी लेक अकरा वर्षांची आहे, तिला मी हे सगळं दाखवणार होते. वहिनीला कसं समजावू? आणि मला जे मिळालं ते लेकीला कसं देऊ?*

*– एक माहेरवाशीण, कॅल्गरी*

*(मूळ पत्र मोठं आहे. जागेअभावी इथे थोडक्यात दिलं आहे.)*

ताई,

तुमचं पत्र आठ पानांचं आहे आणि त्यातली पाच पानं वाड्यातल्या गौरींवर आहेत. फार सुंदर पानं आहेत ती. गौर घेऊन येणाऱ्या आईच्या पायांवर उंबऱ्याबाहेर काकू दूध-पाणी घालायच्या, मग आई पावलांवरून आत यायची आणि तुम्ही पुढे ताट वाजवत चालायच्या. प्रत्येक खोलीच्या दारात थांबून आजी विचारायची, गौरी आली, कशाच्या पावलांनी? आणि सगळ्यांनी ओरडायचं, सोन्यारुप्याच्या! ऋषिपंचमीला बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेला तासगावचा रथ, दोर ओढणारी माणसं आणि गुलालानं लाल झालेला रस्ता. पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक बघायला गल्लीतल्या सगळ्या पोरींनी मिळून जाणं. मी सांगलीचीच आहे, त्यामुळे वाचताना मला एकेक बोळ दिसत होता.

त्या पाच पानांत आई स्वयंपाकघरात एकदाच दिसते, तीसुद्धा तुम्हाला पुरणाचा गोळा चाखायला देताना. आणि वहिनींच्या वाट्याला पत्रभर मिळून दहा-बारा ओळी आल्यात. त्यातल्या बहुतेक तक्रारीच्या. एकच ओळ वेगळी आहे आणि ती तुम्ही घाईनं लिहून पुढे गेलात. मुखवटे वहिनीनं होडीत बरोबर घेतले होते म्हणून वाचले, ही ती ओळ.

मी तिथेच थांबले. वहिनींना समजवण्याआधी तुम्हीही जरा थांबा.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या लोकांना २००५ च्या पुराची खूण ठाऊक होती. पाणी तिथवर येईल, त्याच्या वर येणार नाही, अशा हिशेबानं कित्येकांनी सामान माळ्यावर, कपाटांच्या डोक्यावर रचून ठेवलं होतं. पाणी त्याच्याही वर गेलं. मग होड्या आल्या. होडीत आधी माणसं घेतात. सामान म्हणजे मांडीवर मावेल तेवढी एखादी पिशवी. त्या पिशवीत बाई काय घालते? सासूची बीपीची औषधं, आधार कार्डं, बँकेची पासबुकं, मुलांचे दाखले, अंगावर नसलेलं चार तोळे सोनं, मोबाइल आणि चार्जर. त्यातच तुमच्या वहिनींनी दोन पितळी मुखवटे घातले. तुम्ही ते मुखवटे हातात घेतलेले आहेत, त्यांचं वजन तुम्हाला माहीत आहे. पत्र्यासारखा हलका तो जिन्नस नाही. त्यांच्याऐवजी त्या पिशवीत दुसरं काहीतरी मावलं असतं, आणि ते काय, हे तुम्ही त्यांना कधी विचारलेलं दिसत नाही.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. पूर ओसरून पुरता महिनाही झाला नव्हता. गावभागात, खणभागात, हरभट रोडला दुकानांतला भिजलेला माल आणि घराघरांतल्या गाद्या रस्त्यावर पडल्या होत्या, आणि भिंतींना लागलेला चिखल खरवडून काढला तरी वास जात नव्हता. अशा भाद्रपदात तुमच्याकडे गौरी आल्या का? कुठे आल्या? त्यांना काय नेसवलं, नैवेद्याला काय केलं? आठ पानांत याबद्दल काही नाही. ते तुम्हाला माहीत नसावं असं मला वाटतं. तुमच्या आठवणीतल्या गौरी पुराआधीच्या आहेत. पुरानंतरच्या गौरी वहिनींच्या आठवणीतल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल तुमच्याशी कुणी बोललेलंच नाही.

तुम्हाला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही. तुमचं दुःख मला खरं वाटतं. ज्या घरात लहानाच्या मोठ्या झालात ते पाण्यात बुडताना तुम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलंत, तेही हजारो मैलांवरून, हातात काहीच करण्यासारखं नसताना. नंतर ते विकलं गेलं. त्या रिकाम्या वाड्यातून एकदा फिरून यावं, चौकातल्या तुळशीला हात लावावा, एवढंही तुम्हाला मिळालं नाही. जे इथे होते ते चिखल उपसताना रडले, एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. तुमचं ते रडणं राहून गेलंय. मग भाद्रपद आला, फोनवर शिवलेल्या साडीतली गौर दिसली आणि सगळं तिच्यावर निघालं. वाडा गेला याचा राग कुणावर काढणार? साडी समोर होती, आणि साडी नेसवणारी वहिनी.

आता त्या साडीचं बघू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात कडू वाक्य तिच्याबद्दल आहे.

उभ्या गौरीला साडी कशी नेसवतात हे तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. पण नेसवली नसेल, कारण तो मान मोठ्या बायकांचा. बाईला साडी नेसवणं सोपं, ती श्वास घेते, पोट आत ओढते, हात वर करते. गौरीला यातलं काही करता येत नाही. स्टँड असो की एकावर एक रचलेले डबे, त्याला कमर नसते. आधी कापड गुंडाळून अंग भरावं लागतं. मग निऱ्या करून एकेक पिनेनं धरायच्या, त्या जमिनीवर नीट पसरायला हव्यात. नव्या रेशमी साडीच्या निऱ्या हातातून सुटतात, जुनीच्या पिनेपाशी फाटतात. पदर काढून तो मागून डोक्यावर घ्यायचा तर त्याच्या वजनानं मुखवटा मागे कलतो, म्हणून मानेत सुतळी बांधायची, मग ती सुतळी दिसू नये म्हणून वर ठुशी. एवढं झाल्यावर दुसरी गौर. ती पहिलीच्या उंचीला उंची, निरीला निरी अशी हवी, नाहीतर हळदीकुंकवाला आलेली पहिलीच बाई म्हणते, धाकटी जरा तिरकी झालीय का हो? दोघी-तिघी हाताशी असतील तर याला अर्धा दिवस लागतो. तुमच्या वाड्यात आई, दोन काकू, आजी आणि शेजारच्या आत्या होत्या. विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये वहिनी एकट्या आहेत, शिवाय सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, ज्यांना आता खाली बसलं की उठवावं लागतं.

आणि वहिनी बँकेत नोकरी करतात. गौरीसाठी रजा टाकावी लागते, हेही तुम्हीच लिहिलंय. गौरी नक्षत्रावर येतात, अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. कधी चतुर्थीनंतर दोन दिवसांनी, कधी चार. वार कुठलाही असू शकतो, रविवार काही त्यांना बघून पडत नाही. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, त्यामुळे तो त्यातल्या त्यात हलका. दुसऱ्या दिवशी किलोभर डाळ शिजवायची, कट काढून ठेवायचा, किलोभर गूळ घालून उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं, गरम आहे तोवर यंत्रातून काढायचं, कणीक तिंबायची, सोळा भाज्या निवडायच्या-चिरायच्या, कटाची आमटी, भजी, कुरडया, चटण्या-कोशिंबिरी, आणि पुरणाचे दिवे करून आरती. हे सगळं दुपारच्या आत. सवाष्ण जेवायला बसेपर्यंत घरातल्या बाईच्या पोटात चहाशिवाय काही नसतं. बचत गटाच्या बायकांनी केलेली पुरणपोळी ही कुणातरी बाईनंच पहाटे उठून आटवलेल्या पुरणाची असते. तिचा नैवेद्य गौरीला चालतो. माझं याबाबतीत स्पष्ट मत आहे.

हळदीकुंकू केलं नाही, याची हळहळ मात्र मी समजू शकते. पन्नास बायका, सगळ्या जणींना खिरापत, रात्री माजघरात पिंगा आणि काटवटकणा, या गोष्टीला बचत गट नाही. पण त्या बायका गावभागातल्या होत्या. पुरानंतर त्या गल्लीतली किती घरं तिथे राहिली? विश्रामबागेत शेजारच्या दारावर नावाची पाटी असते, ओळख असतेच असं नाही. वहिनींनी कुणाला बोलवायचं होतं, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारून बघा.

खड्याच्या गौरींचं म्हणाल तर त्यात कमीपणा काय आहे? आपल्याकडे गौरी किती तऱ्हांनी येतात! कुठे मुखवट्याच्या, कुठे तेरड्याच्या रोपांची जुडी बांधून, कुठे कागदावर काढलेल्या, कुठे तांब्यावर, आणि कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या पाणवठ्यावरून आणलेले पाच किंवा सात खडे. जिच्या घरी खड्यांची चाल आहे तिला तिची गौर तुमच्या पैठणीतल्या गौरीपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. कुळाचार बदलू नये असं म्हणणारे भेटतील. पण बाई माहेरचं नाव टाकून सासरी येते तेव्हा तिची गौर बदलतेच की. तुमच्या आईंचं माहेर वाईचं, हे तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय आणि मग पुन्हा वाईचं नाव नाही. लहानपणी वाईत कृष्णेच्या घाटावरून त्यांनी कशाच्या गौरी आणल्या होत्या? खडे होते, तेरडा होता, की मुखवटेच होते? ताट कोण वाजवायचं? ढोल्या गणपतीच्या घाटावर त्या कुणाबरोबर जायच्या? सांगलीच्या वाड्यात आल्यावर त्यांना पहिल्या वर्षी काय चुकल्यासारखं वाटलं?

आई काहीच बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यातून तुम्ही असा अर्थ काढलाय की त्यांना वाईट वाटतंय आणि सुनेपुढे बोलता येत नाही. असेलही. पण या सदराला सत्तरीच्या पुढच्या बायकांची पत्रं येतात, आणि त्यांत मी दुसरंही वाचते. आयुष्यभर दोन गौरी उभ्या केल्या, मांड्या भरून आल्या, पाठ गेली, कधी एकदा कुणीतरी म्हणतंय की यंदा थोडक्यात करू, याची वाट बघितली, पण तोंडानं म्हणता आलं नाही. लेकीला वाईट वाटेल म्हणून म्हणता आलं नाही, हेसुद्धा एकीनं लिहिलं होतं. तुमच्या आई यातल्या कुठल्या, ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही ते ठाऊक नाही, कारण तुम्ही त्यांना काय ठेवायचं आणि काय नाही एवढंच विचारलंत. एकदा त्यांना एकट्यांना फोन करा, व्हिडिओ नको, नुसता फोन, आणि वाईबद्दल विचारा. मुखवट्यांचं नाव काढू नका. त्यांना बोलू द्या.

आता मुखवटे. प्रश्न खरा तोच आहे.

माझं म्हणणं असं, की मुखवटे कुठे जायचे हे वहिनी ठरवतील. घराण्याचे म्हणून तुमचा, दादांचा, चुलतभावांचा हक्क असेल, पण पाण्यातून बाहेर काढणारा हात त्यांचा होता आणि त्यानंतर दरवर्षी चिंच लावून ते घासणाराही त्यांचाच. पुण्याच्या घरात कुणी हौसेनं गौरी उभ्या करणार असेल तर तिथे जाऊ द्यात. पितळी मुखवटा कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवण्यासाठी घडवलेला नसतो. तुम्हाला स्वतःला हवे असतील तर तोंड उघडून मागा. मागायची लाज नाही. पण मागताना लक्षात ठेवा, की मग कॅल्गरीत निऱ्या तुम्हाला घालाव्या लागतील, पुरण तुम्हाला आटवावं लागेल आणि रजाही तुम्हालाच टाकावी लागेल. तेवढी तयारी असेल तर त्या मुखवट्यांसाठी तुमच्या घरासारखं घर नाही. तयारी नसेल तर सांगलीत कुणीतरी ते तुमच्यासाठी उभे करत राहावेत आणि तुम्ही सकाळच्या चहाबरोबर बघावेत, ही अपेक्षा सोडा. हे वाक्य कठोर आहे, मला माहीत आहे. तरी ते मागे घ्यावंसं वाटत नाही.

लेकीसाठी मात्र मुखवट्यांची वाट बघू नका. यंदाच सुरुवात करा, आणि सुरुवात खड्यांनी करा. खड्याच्या गौरी आणण्याचा मान कुमारिकेचा असतो, म्हणजे अकरा वर्षांची पोर त्याला अगदी योग्य. तुमच्या गावातून बो नदी वाहते. आधी दोघी नुसत्या काठावर फिरून या. नदीकाठच्या राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलायला मनाई असते, म्हणून तिकडे बॅन्फच्या बाजूचे नकोत. घराजवळचे, नाहीतर स्वतःच्या अंगणातले घ्या. तळहातात मावतील असे पाच किंवा सात. तिनं ते तांब्यात घालून घरापर्यंत न बोलता आणायचे, मागे वळून बघायचं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला एवढा वेळ गप्प राहणं जमलं तर तेवढ्यानंच तो दिवस तिच्या लक्षात राहील. दारात तिच्या पायांवर दूध-पाणी तुम्ही घाला. ताट नवऱ्याला वाजवू द्या. प्रत्येक खोलीत प्रश्न विचारा, उत्तर तिला देऊ द्या, मराठी अडखळली तरी चालेल.

तुमच्याकडे तेरडा मिळणार नाही, सप्टेंबरात तिथे थंडीही पडायला लागते. कुंडीत झेंडू असेल तर तो, नाहीतर दारात जे फुललं असेल ते घ्या. पण पहिल्या दिवसाच्या नैवेद्याची शेपू तुमच्याकडे कुठल्याही दुकानात मिळते. तिकडचे लोक ती माशावर भुरभुरतात, आपण मुगाच्या डाळीत घालून भाजी करतो. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळेल. पहिली भाकरी लेकीला थापू द्या, फाटली तर गौर रागावत नाही. दुसऱ्या दिवशी पुरण वाटीभर डाळीचं करा. कट काढणं, आटवणं, यंत्रातून काढणं यातलं एकेक काम तिच्या हातात द्या आणि हात भाजू नये एवढं बघा. तुमच्या आठवणीत पुरणाचा फक्त गोळा आहे, तिच्या आठवणीत उलथनंसुद्धा असू दे. सोळा भाज्यांचा हट्ट नको, जेवढ्या जमतील तेवढ्या. तिसऱ्या दिवशी खडे पुन्हा जिथून आणले तिथे पोचते करा आणि येताना आपल्याकडे आणतात तशी चिमूटभर वाळू आणून घरभर टाका. वेळेचं म्हणाल तर नक्षत्र जगभर एकाच क्षणी लागतं. सांगलीच्या पंचांगातली वेळ घ्या आणि साडेअकरा तास मागे मोजा.

आणि हे सगळं करताना लेकीला फोनवर विश्रामबागच्या गौरी दाखवा, पण तुलना करू नका. मामीनं बसवलेल्या गौरी आणि आपण बसवलेल्या गौरी, एवढंच सांगा. मग तिला पुराची गोष्ट सांगा, होडीतल्या पिशवीची. ती मुलगी मामीला आपण होऊन काहीतरी विचारेल, बघा.

वहिनींना मात्र त्याआधी फोन करा. ग्रुपवर माफीचा मेसेज टाकू नका. जे सगळ्यांसमोर लिहिलं त्याची भरपाई सगळ्यांसमोर करायची असते हे खरं, पण ती नंतर. आधी दोघींत होऊ द्या. दादांमार्फत निरोप नको, आईंच्या फोनवरून तर मुळीच नको. फोन लावल्यावर यंदाच्या गौरींचा विषय काढू नका. मी लिहिलं ते चुकलं, एवढं एकदाच म्हणा. त्याला "पण" जोडू नका. मग २०१९ बद्दल विचारा. पाणी आलं तेव्हा तू कुठे होतीस, पिशवीत काय काय भरलंस, काय राहिलं, त्या वर्षी गौरी कुठे बसल्या. आणि ऐका. कदाचित त्या नीट बोलतील, कदाचित "ठीक आहे" म्हणून ठेवून देतील. पहिल्या फोनला दुसरी शक्यता जास्त, कारण दुखणं महिनोन् महिने साठलेलं आहे. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. मध्येच पैसे पाठवू नका. "स्वयंपाकाला बाई लाव, मी पैसे देते" हे वाक्य चांगल्या मनानं म्हटलं तरी आत्ता ते हुकूम वाटेल. सलोखा झाल्यावर खर्चात वाटा उचला, जरूर उचला, आणि पैसे कशाला वापरायचे ते त्यांच्यावर सोडा. एखाद्या वर्षी शाळेची रजा काढून लेकीला घेऊन भाद्रपदात सांगलीला या. पाहुणी म्हणून येऊ नका. चतुर्थीच्या आधी चार दिवस या, फ्लॅट आवरायला, चिंच कोळून ठेवायला, भाज्या निवडायला.

वहिनी बँकेतून साडेसहाला घरी येतात असं तुम्ही लिहिलंय. आल्याबरोबर फोन नको, चहा, सासूबाईंची औषधं, संध्याकाळची दिवाबत्ती होऊ द्या. साडेसातला करा. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतील, म्हणजे ऑफिसला निघण्यापूर्वी अर्धा तास हाताशी ठेवून बसा.